दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ

"लगीन कोनाचं हाय?"

शाळेच्या भिंतीसमोर येऊन उभ्या राहिलेल्या आजीनं हे विचारलं आणि आम्ही सगळे हसलो. आम्ही म्हणजे एका आयटी कंपनीतले अडतीस जण, एकसारखे निळे टीशर्ट घातलेले. जागा म्हणजे बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना आत वळल्यावर लागणारी एक वाडी. ठाकरांची घरं जास्त, ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची थोडी. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, पहिली ते पाचवी. दसऱ्याच्या आधीचा शनिवार होता. कंपनीच्या सीएसआर कॅलेंडरमध्ये त्या दिवसापुढे 'सहभागी कला उपक्रम' असं लिहिलं होतं, आणि भिंतीवर आम्ही 'वारली' काढत होतो.

टेम्प्लेट मीच बनवलं होतं. टीममध्ये ज्याला 'ड्रॉइंग येतं' असा एक जण असतो, तो मी. फिग्मामध्ये दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर एक वर्तुळ ठेवलं, हातापायांच्या चार रेघा ओढल्या. एक माणूस झाला. तो कॉपी करून गोलाकार फिरवला, तारपा नाच झाला. दोन झाडं, एक झोपडी, एक मोर. चाळीस मिनिटांत फाइल तयार. मग त्यावरून लेझरनं स्टेन्सिल कापून आणल्या. मुलांसाठी आम्ही डोकी राखून ठेवली होती. म्हणजे बाह्यरेषा आमची, आणि आतला गोल पांढऱ्या रंगानं मुलांनी भरायचा. हिशेब केला तर एका मुलाच्या वाट्याला तीन डोकी आली असतील. साडेबारापर्यंत भिंत झाली, एकपर्यंत फोटो झाले, दीड वाजता पुलाव.

ही भिंत गेल्या वर्षभरात मी बरेचदा पाहिली आहे, आणि हा लेख म्हणजे तिची समीक्षा आहे. सिनेमाची करतात, कादंबरीची करतात, तशी. आपल्याकडे गेल्या दहाएक वर्षांत रेल्वे स्टेशनपासून सार्वजनिक शौचालयापर्यंत मिळेल ती भिंत रंगवली गेली. त्यातल्या निम्म्या तरी भिंतींवर 'मुलांच्या सहभागातून' असं कोपऱ्यात लिहिलेलं असतं. पण ते चित्र चांगलं आहे का, सहभाग म्हणजे नक्की काय झालं, हे कुणी विचारत नाही. चांगल्या कामाला नावं कशाला ठेवायची, असा संकोच असतो. मलाही होता. आजीला नव्हता.

तिचा प्रश्न मला कळायला पाचेक महिने लागले. घरी एकदा असंच, मुख्यतः आपण काय काढलं याची उत्सुकता म्हणून, वारली चित्रांबद्दल वाचायला घेतलं. यशोधरा दालमिया यांचं १९८८ सालचं 'द पेन्टेड वर्ल्ड ऑफ द वारलीज' हाती लागलं. वारली चित्राचा मूळ पत्ता लग्नघराचा आहे. शेणामातीनं सारवलेली, गेरूनं लाल केलेली भिंत. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला रंग. बांबूच्या काडीचं टोक चावून केलेली कुंची. चौक काढायच्या त्या सुवासिनी, आणि गाणी म्हणत लग्न लावणारी ती धवलेरी, तीही बाईच. चौकाच्या मधोमध पालघट देवी. तो चौक असल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ते चित्र घर सजवायला काढलेलं नसतं, लग्नातलं एक काम असतं, अक्षता टाकण्यासारखंच. आणि चौक एकट्या वारल्यांचा नाही, ठाकरांच्या लग्नातही भिंतीवर चौक असतो.

तर आजीनं पांढरी चित्रं पाहिली आणि तिला जे विचारायचं तेच विचारलं. लग्न कुणाचं? नसेल तर हे का काढताय? त्या दिवशी आमच्या भिंतीबद्दल 'ब्युटिफुल', 'सो एथनिक', 'मस्त झालंय यार' अशी पन्नास मतं आली. त्यातली समीक्षा म्हणावी अशी ही एकच होती, आणि तिच्यावर आम्ही हसलो.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती. ठाकर आणि कातकरी मुलांना आम्ही वारली चित्र 'शिकवत' होतो. का? तर आदिवासी वाडी आहे आणि वारली ही आदिवासी कला. उल्हासनगरच्या एखाद्या सिंधी माणसाला कुणी छोले-भटुरे शिकवायला जावं, कारण दोघंही 'नॉर्थ'चे, तसा हा प्रकार. मुलांच्या घरात काय काढतात, कोण काढतं, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. फाइल आधीच तयार होती ना.

रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकानं १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागावर एक छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यात आठ पायऱ्यांची एक शिडी आहे. शिडीची कल्पना त्यानं शेरी अर्नस्टाइन यांच्या १९६९च्या नागरिक सहभागावरच्या लेखातून उचलली आणि मुलांना लावली. सगळ्यात वरच्या पायऱ्यांवर मुलं स्वतः काम सुरू करतात, मोठ्यांशी बरोबरीनं निर्णय घेतात. खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही. तळाशी मुलांना वापरून घेणं. तिसरी पायरी नावापुरतं घेणं. आणि दुसरीचं नाव आहे 'सजावट'. ही पायरी समजावताना हार्ट जे उदाहरण देतो ते वाचून मी फोन खाली ठेवला. एखाद्या कार्यक्रमात मुलांना त्या विषयाचे टीशर्ट घालतात, ती नाचतात, गातात, पण हे सगळं कशासाठी चाललंय याची त्यांना फारशी कल्पना नसते. आमच्याकडे टीशर्ट मुलांना मिळाले नव्हते, आम्हाला मिळाले होते. तेवढाच फरक.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मुलांकडे रीड ॲक्सेस होता, राइट ॲक्सेस नव्हता. डोक्यातला पांढरा रंग सोडून.

मग वारली कागदावर आली कशी? हा इतिहास थोडा सांगतो, कारण बाहेरून येणाऱ्या माणसानं काय करावं आणि काय करू नये हे त्यात आहे. १९६६-६७च्या बिहारच्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला मधुबनीला पाठवलं. तिथल्या बायका लग्नाच्या खोलीच्या भिंतींवर जे काढत, तेच विकता यावं म्हणून कुलकर्णींनी त्यांना कागद दिला. पुढे सत्तरच्या दशकात हेच कुलकर्णी डहाणूच्या वारली पाड्यांवर आले. तिथे त्यांना गंजाडचे जिव्या सोमा म्हसे भेटले. जिव्यांनी चौक सोडून बाकीचं जग काढायला घेतलं. मासेमारी, शेती, शिकार, मुंग्या, रस्ते. १९८९ साली पॅरिसच्या 'मॅजिशियन्स दे ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले.

कुलकर्णींनी कागद दिला, चित्र दिलं नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो. मात्र त्याची किंमतही कुणीतरी मोजली, हेही सांगायला हवं. बायकांचं काम होतं ते बाजारात येताना बऱ्याच प्रमाणात पुरुषांचं झालं. चौकाची सुवासिनी मागे राहिली, चित्रकार पुढे आला. बाहेरून दिलेला कागदसुद्धा साधा कागद नसतो, तो कुणाच्या हातात जातो यावर बरंच ठरतं.

जिव्यांचं एखादं मासेमारीचं चित्र नेटवर शोधा आणि झूम करा. कागदभर जाळं पसरलेलं असतं, इतकं बारीक की डोळे दुखतात. त्यातल्या माणसांचे त्रिकोण पाहा. एक वाकलेला, एक ताणलेला, एकाची कंबर जवळजवळ तुटलेली, कारण तो ओढतोय. दोन त्रिकोण सारखे सापडायचे नाहीत. दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ हे सूत्र त्यांचं नाहीच, ते आपण मागाहून काढलं, रिव्हर्स इंजिनिअरिंग करून. मग तेच सूत्र कुर्त्यांवर, कपांवर, एसटी स्टँडच्या भिंतीवर आणि शेवटी माझ्या फिग्मा फाइलमध्ये आलं. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, मिळाला. त्यानं नाव सुरक्षित झालं. त्रिकोण कुणीही काढतो.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण टेम्प्लेटची सवय मला आकाशातून लागलेली नाही.

मी अंबरनाथला वाढलो. चित्रकलेचा क्लास होता उल्हासनगरला, चार नंबरमध्ये, एका साडीच्या दुकानाच्या वर. आठवीत इलेमेंटरी, नववीत इंटरमीजिएट. ज्यांनी या परीक्षा दिल्यात त्यांना विषय पाठ असतील: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. यातला स्मरणचित्र हा विषय मला आज चमत्कारिक वाटतो. नाव स्मरणचित्र. विषय यायचे भाजी बाजार, पाणवठा, जत्रा, बस स्टॉप असे. सरांनी आम्हाला तीन फिगर पाठ करून घेतल्या होत्या. डोक्यावर हंडा घेतलेली बाई, पाठमोरा सायकलवाला आणि फुगेवाला. फुगेवाला कुठेही चालतो, जत्रेत चालतो, बस स्टॉपवर चालतो. मी जन्मात पाणवठ्यावर उभा राहिलो नव्हतो. आमच्याकडे पहाटे नळाला पाणी यायचं आणि आई पिंपं भरायची. ते कधी काढावं असं मला सुचलं नाही, कुणी सुचवलंही नाही. मला इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळाली.

आमच्या घरापासून शिवमंदिर चालत पंधरा मिनिटांवर. शके ९८२चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं, शिलाहारांच्या काळातलं देऊळ. बाहेरच्या भिंतींवर एवढी शिल्पं की हात ठेवायला सपाट जागा मिळत नाही. तीन वर्षांच्या क्लासमध्ये आम्हाला एकदाही तिथं नेऊन बसवलं नाही. परीक्षेत देऊळ आलं तर काढायचं ते देऊळ वेगळं होतं, त्याला कळस आणि भगवा झेंडा होता. आमच्या देवळाचा कळस कधीच पडलेला आहे.

सरांवर माझा राग नाही. शंभर मुलं, एक खोली, आणि पालकांना ग्रेड हवी. आता तर इंटरमीजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणजे फुगेवाल्याचा भाव आणखी वाढला असणार. पण बारावीनंतर मी चित्र काढलं नाही ते थेट त्या फिग्मा फाइलपर्यंत. आणि तिथे मी जे केलं ते क्लासमध्येच शिकलो होतो.

याच सुमारास मला एक जुनं पुस्तक मिळालं, नॅशनल बुक ट्रस्टचं. देवी प्रसाद यांचं 'आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन'. हिंदीत ते 'शिक्षा का वाहन कला' या नावानं आहे. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकलेला हा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा १९४४ साली वर्ध्याजवळ सेवाग्रामला आला, नई तालीमच्या शाळेत चित्रकला शिकवायला. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून आणि झाकीर हुसेन समितीतून ही शिक्षणपद्धती उभी राहिली होती, आणि आशादेवी व आर्यनायकम हे दांपत्य ती चालवत होतं. नंदलालांचं महाराष्ट्राशी आधीच नातं जुळलं होतं. खानदेशातल्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. ते नंदलालांनी बांबूसारख्या आसपास मिळणाऱ्या साध्या सामानातून सजवलं होतं. तोच धडा शिष्यानं शाळेत नेला.

देवी प्रसाद सेवाग्रामला जवळपास अठरा वर्षं राहिले. मुलाचं चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची फसलेली आवृत्ती नव्हे, त्याला स्वतःचे नियम असतात, हे ते पुन्हा पुन्हा सांगतात. नमुना पुढे ठेवून उतरवायला लावणं त्यांना मान्य नाही. स्पर्धा आणि बक्षिसं यांचाही त्यांना तिटकारा आहे. आणि त्यांच्यासाठी कला म्हणजे फक्त कागदावरचं नाही. मडकं करणं, सणाला अंगण सजवणं, खोली नीट लावणं, सगळं एकाच वहीतलं.

पुस्तक मला आवडलं, पण दोन ठिकाणी अडकलो. एक तर वाचताना राहून राहून वाटतं की बाहेरचा प्रभाव म्हणजे मुलावर बसलेली धूळ, ती झटकली की आतलं खरं मूल दिसेल. त्यांच्यावर हर्बर्ट रीडच्या विचारांची छाप आहे, त्यातून हे आलं असावं. वाडीतली मुलं एकमेकांचं बघून काढतात, पुड्यांवरच्या कार्टूनचं काढतात, आणि जेसीबी काढतात. जेसीबी तर इतके की विचारू नका. धरणाची उंची वाढली, रस्ते झाले, डोंगर फुटले, सगळीकडे पिवळा जेसीबी. त्याचा हात किती ठिकाणी वाकतो हे त्यांना बरोबर माहीत असतं. ही नक्कल म्हणायची की निरीक्षण? देवी प्रसाद असते तर काय म्हणाले असते, माहीत नाही. मला तरी ते जेसीबी माझ्या फुगेवाल्यापेक्षा कितीतरी खरे वाटतात.

दुसरी अडचण साधी आहे. अठरा वर्षं. आम्ही गेलो होतो साडेचार तास.

खरं तर मुलांपर्यंत जायचं कसं, हे आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात फार पूर्वी सोडवून झालं आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. बालवाडी होती, पण हरिजन वस्तीतली मुलं तिच्यात येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला, आणि १९७५ साली सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेनं तो देशभर नेला. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या वारली पोरांना सकाळी गुरं चारायला जावं लागे, म्हणून शाळा कुरणात नेली. कुरणशाळा. माँटेसरीची लाकडी साधनं महाग, म्हणून शिंपले, बिया, पानं, माती, खडे. मूल जिथं आहे तिथं शाळा, आणि तिथं जे पडलंय तेच साहित्य. आर्किटेक्चर म्हणून पाहिलं तर याहून स्वच्छ डिझाइन मी पाहिलेलं नाही.

या कामाची आरती ओवाळायचा मोह होतो, पण ते सगळं काम मुलांच्या मर्जीनं चालत होतं असं नाही. आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हा बालवाडीचा भागच होता. ताराबाई-अनुताई मुलं घडवायला गेल्या होत्या, आणि मूल कसं घडलेलं असावं याचं त्यांचं चित्र शहरातून आलेलं होतं. तरी त्यांनी एक गोष्ट केली जी आमच्या कॅलेंडरात बसत नाही. मुलांच्या दिवसाचं वेळापत्रक पाहून स्वतःचं बदललं.

आणि सरकारी शाळेत चित्रकला कोण शिकवणार? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शंभराहून जास्त पट असेल तिथे. वाडीच्या शाळेचा पट तेवीस, वर्ग पाचवीपर्यंत. म्हणजे कायद्यानुसारच तिथे चित्रकलेला कुणी येणार नाही. दोन शिक्षक, त्यातले एक कायम कुठल्या ना कुठल्या ऑनलाइन माहितीत अडकलेले. ती पोकळी आम्ही टीशर्टवाले भरतो, वर्षातून एकदा.

गेल्या वर्षी जूनपासून मी एक शनिवार आड तिथे जायला लागलो. एकटाच, कंपनीशिवाय. गुरुजींनी एकच अट घातली, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर. सामान म्हणजे तपकिरी कागदाचा रोल, कोळसा, गेरू आणि खडू.

पहिले तीन शनिवार सपशेल वाया गेले. 'तुम्हाला हवं ते काढा' म्हटलं की तेवीस कागदांवर तेवीस वेळा दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी. तुम्हीही हेच काढलेलं असणार. ज्यांच्या खिडकीतून खरे डोंगर दिसतात तीही मुलं दोन त्रिकोणच काढतात. (हो, पुन्हा त्रिकोण.) स्वातंत्र्य देतो म्हटल्यावर मुलं आपल्याला खूश करणारं चित्र काढतात, हे कुठल्याच पुस्तकात मला नीट सापडलं नव्हतं. 'हवं ते' हा प्रश्नच त्यांना कधी कुणी विचारलेला नसतो. एका मुलीनं मला सरळ विचारलं, "दादा, कुठलं काढू ते सांग ना, मग मी चांगलं काढीन."

इथे मला 'गोष्टरंग'चा उपयोग झाला. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट ही संस्था, नीलेश निमकर यांनी २००७ साली सुरू केलेली. तिच्या या उपक्रमात तयारीचे नट आदिवासी भागातल्या शाळांमधून मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी सादर करतात, आणि मग त्या गोष्टीभोवती मुलांसोबत खेळ, गप्पा, लिहिणं असं काम होतं. अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा आहे. वरवर पाहिलं तर हे आमच्या भिंतीपेक्षा कमी सहभागी आहे. मुलं बसून बघतात, मोठे करतात. पण आधी काहीतरी चांगलं बघायला मिळालं, की बोलायला विषय मिळतो. सहभाग म्हणजे प्रत्येकाच्या हातात ब्रश, असा जो आपला समज आहे तो मला त्यामुळे तपासावा लागला. हातात ब्रश असूनही मुलं आमच्याकडे नुसती हजर होती.

म्हणून मी काढायचं थांबवून विचारायला लागलो. विषय न देता प्रश्न. काल घरी येताना काय ओलांडलंस? तुझ्या घरात सगळ्यात जड वस्तू कुठली? ऑगस्टमध्ये एकदा विचारलं, तू पाहिलेली सगळ्यात मोठी जागा कुठली. चौथीतला एक कातकरी मुलगा, एरवी कागदाला हात न लावणारा, तास दीड तास मान वर न करता काढत बसला. आधी कागदाला कडेनं चौकट. मग आत विटा. एकेक. वरून पाहिल्यासारख्या रांगा, त्यांच्यात चालायला वाट सोडलेली. कोपऱ्यातली झोपडी मात्र आडवी पडलेली आणि धूर समोरून दिसणारा. वीटभट्टी होती. मी नंतर मोजल्या, चारशे अकरा विटा.

"माणसं नाहीत का?" मी विचारलं.

"हायेत. रातचं काम चालतं. दिसत न्हाय."

वीट पाडायचं काम पहाटेच्या अंधारात सुरू होतं. त्यानं कागद कोळशानं काळा करून माणसं झाकली नव्हती, नुसती काढली नव्हती, आणि त्याच्या दृष्टीनं ती तिथं होती. परीक्षेत त्याला किती गुण मिळाले असते कुणास ठाऊक. बाई-हंडा नाही, सायकलवाला नाही. पण स्मरणचित्र या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

याला मी माझं यश म्हणत नाही, कारण पुढचा भाग असा आहे की दिवाळीनंतर तो गेला. उचल घेतलेली असते, घरच्यांना भट्टीवर जावं लागतं, मुलं सोबत जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. ओढ्यापलीकडची सहा मुलं एकाच आठवड्यात गेली. पट तेवीसचा, समोर सतरा. ताराबाईंनी शाळा कुरणात नेली होती. भट्टीवर नेणं माझ्या शनिवारांच्या आवाक्यातलं नाही, आणि तसा आव आणण्यातही अर्थ नाही. त्याचा कागद माझ्याकडे आहे. त्यानं तो नेला नाही, मी मागितलाही नव्हता. नुसता राहिला.

दरम्यान भिंतीचं काय झालं? आमचा तारपा नाच अजून आहे. पण खालच्या तीन फुटांत, जिथपर्यंत मुलांचा हात पोचतो, तिथे वर्षभरात बरंच काही आलं आहे. विटेच्या तुकड्यानं काढलेले चार जेसीबी. क्रिकेटचा स्कोअर. दोघांची नावं आणि मधे बदाम, नंतर खोडलेला. आमच्या नाचणाऱ्या एका माणसाच्या हातात कुणीतरी मोबाईल दिला आहे, दुसऱ्याला मिशा. मोराला लगाम लावून त्याच्यावर एक जण बसवला आहे. आणि एका बाजूला, हे मला फार उशिरा दिसलं, खडूनं काढलेली चौकट आहे, तिच्यात नक्षी, मधे एक आकृती. वाडीत मे महिन्यात लग्न होतं, त्या घरातली एक मुलगी पाचवीत आहे. तिला विचारलं तर म्हणाली, आत्यानं काढलेला तसा काढून बघितला. घरातली चूक शाळेच्या भिंतीवर सुधारून बघत होती.

समीक्षक म्हणून माझं मत असं: वरचे पाच फूट टाकाऊ आहेत, खालचे तीन फूट चांगले आहेत.

गेल्या सोमवारी कंपनीच्या सीएसआर टीमची मेल आली. 'फेज टू'साठी बजेट मंजूर आहे. एका व्हॉलंटिअरनं जाता जाता भिंतीचा फोटो काढून पाठवला होता, तो जोडलेला. भिंत खराब झाली आहे, तरी बेस कोट मारून नवं डिझाइन करायचं, या वेळी वॉशेबल पेंट घ्यायचा म्हणजे घाण पुसता येईल. टेम्प्लेट शुक्रवारपर्यंत हवं.

मी उत्तर लिहिलं की भिंत आहे तशी ठेवावी. बजेटमधून तपकिरी कागद, कोळसा आणि वर्षभराचा एका माणसाचा प्रवासखर्च द्यावा. त्यांना नवी भिंत हवीच असेल तर शाळेची मागची आहे, ती गेरूनं सारवून रिकामी सोडावी, आणि काय काढायचं ते पाचवीच्या मुलींना आणि त्यांच्या आत्यांना विचारावं. मॅनेजर म्हणाली, कल्पना चांगली आहे, पण रिकाम्या भिंतीचा 'आफ्टर' फोटो कसा दाखवायचा?

अजून उत्तर दिलेलं नाही. आज बुधवार आहे.